पेंग्विन हे नाव मूळचं कोणाचं? वेल्श आणि फ्रेंच शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेंग्विन हे नाव आधी दक्षिण ध्रुवाकडच्या पक्ष्याचं नव्हतं. ते उत्तर अटलांटिकमधल्या एका निराळ्याच पक्ष्याचं होतं. माणसाने तो पक्षी एकोणिसाव्या शतकात मारून संपवला आणि त्याचं नाव तेवढं दुसऱ्या पक्ष्याकडे राहिलं. या शब्दाचा विषय निघाला की "वेल्शमध्ये पांढरं डोकं" एवढं सांगून लोक मोकळे होतात, आणि फ्रेंच शिकणारे 'पँग्वँ' म्हणायचं की 'मांशो' या घोळात पडतात. दोन्हींची मुळं एकाच ठिकाणी आहेत, म्हणून उत्तरंही एकत्रच दिली आहेत.

वेल्शमध्ये पेंग्विन म्हणजे 'पांढरं डोकं', हे खरं का?

शब्दांचा अर्थ तोच आहे. वेल्श भाषेत 'पेन' म्हणजे डोकं आणि 'ग्विन' म्हणजे पांढरा. पण 'पेन'चा अर्थ डोक्यावर संपत नाही. माथा, टोक, शेवट, प्रमुख माणूस, आणि समुद्रात शिरलेला जमिनीचा सुळका, एवढं सगळं त्यात येतं. आपल्या 'भूशिर' शब्दात शिर आहे, तसंच हे. दक्षिण वेल्समधलं सर्वांत उंच शिखर 'पेन-अ-वान', उंची ८८६ मीटर. कार्डिफजवळचं समुद्रकाठचं गाव पेनार्थ. समुद्र ओलांडून फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात गेलं तरी हा शब्द भेटतो, कारण तिथली ब्रेटन भाषा वेल्शच्या जवळच्या नात्यातली आहे. फ्रेंचमध्ये ज्या जिल्ह्याला फिनिस्तेर म्हणतात त्याचं ब्रेटन नाव 'पेन-आर-बेद', म्हणजे जगाचं टोक. फिनिस्तेरचं लॅटिन मूळही हेच सांगतं: जमिनीचा शेवट.

'ग्विन'सुद्धा नुसता रंग नाही. गोरा, पवित्र, धन्य असे अर्थ त्याला आहेत. त्याचं स्त्रीलिंगी रूप 'ग्वेन'. वेल्समध्ये पुरुषांची नावं ग्विन, बायकांची ग्वेन आणि ब्रॉन्वेन अशी आजही ठेवतात. याच्या मागे 'विंदोस' हा प्राचीन केल्टिक शब्द आहे. आज व्हिएन्ना आहे तिथल्या रोमन छावणीचं नाव विंदोबोना होतं, त्यातला पहिला भाग हाच.

पण पेंग्विनचं डोकं तर काळं असतं!

हा आक्षेप अगदी बरोबर आहे, आणि ज्या मूळ पक्ष्याचं हे नाव होतं त्याचंही डोकं काळंच होतं. तो पक्षी म्हणजे ग्रेट ऑक. उभा राहिला की पाऊण मीटरहून थोडा उंच, वजन सुमारे ५ किलो, पाठ काळी, पोट पांढरं, पंख इतके तोकडे की उडणं अशक्य. चोच जाड आणि तिच्यावर आडव्या खाचा. डोळा आणि चोच यांच्यामध्ये मात्र पांढराशुभ्र ठिपका होता. वेल्श व्युत्पत्ती मानणारे याच ठिपक्याकडे बोट दाखवतात. दुरून, हलत्या गलबतावरून, काळ्या डोक्यावरचा तो ठिपका डोळ्यांत भरत असेल, हे मला मान्य आहे. पण त्यावरून अख्ख्या डोक्याला पांढरं म्हणणं जरा ओढूनताणून वाटतं.

व्याकरणाची अडचण याहून मोठी आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. वेल्शमध्ये दोन शब्दांचा घट्ट समास झाला की दुसऱ्या शब्दाचं पहिलं व्यंजन मऊ होतं, आणि ते व्यंजन 'ग' असेल तर गळूनच जातं. म्हणून 'ज्याचं डोकं पांढरं आहे तो' या अर्थाचा वेल्श शब्द 'पेनविन' असा आहे, त्यात 'ग' नाही. पिकल्या केसांच्या माणसाला तो लावतात. शाळेत आपण बहुव्रीही समास शिकलो, 'पीतांबर' किंवा 'नीलकंठ', तसलाच हा. मग पक्ष्याला 'पांढऱ्या डोक्याचा' म्हणायचं असतं तर वेल्श खलाशाच्या तोंडी 'पेनविन' आलं असतं. 'पेन ग्विन' असं सुटं राहिलं की त्याचा अर्थ 'एक पांढरं डोकं' होतो, किंवा 'पांढरं भूशिर'.

म्हणजे हे नाव पक्ष्याचं नसून जागेचं होतं?

माझं मत तसंच आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंड या मोठ्या बेटाच्या ईशान्येला उघड्या समुद्रात फंक बेट आहे. झाड नाही, झुडूप नाही, सपाट खडक. हजारो समुद्रपक्षी पिढ्यान्‌पिढ्या तिथे वीण करत आले, त्यांच्या विष्ठेने असा खडक पांढरा होतो आणि तो लांबून ओळखू येतो. याच बेटाला सोळाव्या शतकात इंग्रज खलाशी 'पेंग्विन बेट' म्हणत. अँथनी पार्कहर्स्ट नावाच्या ब्रिस्टलच्या व्यापाऱ्याने १५७८ साली न्यूफाउंडलंडच्या मासेमारीविषयी एक पत्र लिहिलं. त्यात तो आधी बेटाचं नाव पेंग्विन असं सांगतो, मग तिथल्या पक्ष्यांनाही पेंग्विनच म्हणतात असं सांगतो. हे पक्षी उडू शकत नाहीत आणि फळी टाकून हवे तितके जहाजात हाकून घेता येतात, हेही तोच लिहितो. त्या ओळी वाचताना पोटात कालवतं.

बेटाचं नाव तिथल्या पक्ष्याला मिळणं अगदी सहज घडतं. आणि ब्रिस्टल हे वेल्सच्या समोरचं बंदर, तिथल्या जहाजांवर वेल्श माणसं असणारच. एवढं असूनही ही गोष्ट पुराव्याने पक्की झालेली नाही. वेल्श मूळ सर्वांत संभाव्य आहे, इथवरच ठामपणे म्हणता येतं.

हा शब्द सर्वांत आधी कुठे लिहिलेला सापडतो?

गंमत अशी की जवळजवळ एकाच वेळी तो जगाच्या दोन टोकांना सापडतो. पार्कहर्स्टचं पत्र उत्तरेकडचं. त्याच वर्षी, १५७८ च्या ऑगस्टमध्ये, फ्रान्सिस ड्रेकची जहाजं दक्षिण अमेरिकेच्या खालच्या टोकाला मॅगेलनच्या सामुद्रधुनीत होती. तिथल्या बेटांवर न उडणारे पक्षी मिळाले आणि खलाशांनी एका दिवसाच्या आत तीन हजार मारले. जहाजावरचा पाद्री फ्रान्सिस फ्लेचर याने नोंद केली की वेल्श लोक या पक्ष्याला पेंग्विन म्हणतात आणि मॅगेलनने त्यांना हंस म्हटलं होतं.

उत्तरेकडचा ग्रेट ऑक पाहिलेल्या माणसांनी दक्षिणेचे पक्षी पाहिले. तसेच काळे-पांढरे, तसेच ताठ उभे, तसेच न उडणारे. ओळखीचं नाव आपोआप तोंडात आलं. त्या दोन पक्ष्यांचं जवळचं नातं नाही, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला. ग्रेट ऑक किनाऱ्यावरच्या ऑक कुळातला, तर दक्षिणेचे पेंग्विन अल्बाट्रॉस आणि पेट्रेल या समुद्रपक्ष्यांच्या जास्त जवळचे. पोहण्याच्या एकाच गरजेतून दोघांचं रूप सारखं घडलं.

मॅडॉक राजपुत्राची कथा या शब्दाशी कशी जोडली गेली?

या कथेला वेळ देण्यासारखं आहे, कारण वेल्श व्युत्पत्तीवर संशय घेण्याचं हेच खरं कारण आहे. मॅडॉक हा ओवाइन ग्विनेद या वेल्श राजाचा मुलगा, तो ११७० च्या सुमारास जहाजं घेऊन पश्चिमेला गेला आणि अमेरिकेत वस्ती केली, अशी दंतकथा आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात ही दंतकथा एकाएकी फार उपयोगाची ठरली. स्पेन म्हणत होतं, कोलंबस आमचा, म्हणून अमेरिका आमची. इंग्लंडला कोलंबसाच्या आधीचा माणूस हवा होता. राणीचं ट्यूडर घराणं मूळचं वेल्श, त्यामुळे वेल्श राजपुत्राचा शोध तो राणीचाच वारसा असा युक्तिवाद उभा राहिला.

पुरावा म्हणून शब्द पुढे केले गेले. डेव्हिड इनग्रम नावाचा खलाशी १५६८ मध्ये मेक्सिकोच्या आखातावर उतरवला गेला होता आणि तिथून पायी उत्तरेला चालत गेल्याचं सांगत होता. १५८२ मध्ये त्याची जबानी घेतली गेली. त्यात पांढऱ्या डोक्याच्या 'पेंग्विन' पक्ष्याचा उल्लेख होता. दुसऱ्याच वर्षी सर जॉर्ज पेकहॅम यांनी वसाहतीचा पुरस्कार करणाऱ्या पुस्तिकेत तो शब्द वापरला: अमेरिकेत वेल्श शब्द सापडतो, म्हणजे वेल्श माणसं तिथे आधी पोचली होती. १५८४ मध्ये डेव्हिड पॉवेलच्या वेल्सच्या इतिहासातही हा दावा आला. तिथे मात्र पक्षी नाही, 'पेंग्विनचा पांढरा खडक' आहे.

म्हणजे एकाच दाव्यात कोणी पक्षी म्हणतो, कोणी खडक. वसाहतीच्या हक्कासाठी शब्द ताणला गेला हे उघड आहे. पण शब्दाचा गैरवापर झाला म्हणून त्याचं वेल्श मूळ खोटं ठरत नाही. फ्लेचरने आणि पार्कहर्स्टने तो शब्द या प्रचाराच्या चार-पाच वर्षं आधी लिहून ठेवला होता, आणि फ्लेचरला मॅडॉकशी काही देणंघेणं नव्हतं.

हा शब्द ब्रेटनमधून, म्हणजे फ्रान्समधूनच, आला नसेल कशावरून?

ब्रेटनमध्येही 'पेन' म्हणजे डोकं आणि 'ग्वेन' म्हणजे पांढरं. शिवाय ब्रेटन कोळी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून न्यूफाउंडलंडला कॉड मासा धरायला जात होते. कागदावर हा दावा वेल्शइतकाच भक्कम दिसतो.

अडचण जाक कार्तिए याच्यामुळे येते. तो ब्रिटनीतल्या सेंट मालो बंदराचा. १५३४ च्या मे महिन्यात तो याच फंक बेटावर पोचला. त्याने बेटाला 'पक्ष्यांचं बेट' म्हटलं आणि तिथला पक्षी बारकाईने लिहून ठेवला: हंसाएवढा मोठा, काळा-पांढरा, चोच कावळ्यासारखी, पंख अर्ध्या तळहाताएवढे, सतत पाण्यात, अंगाने भलताच लठ्ठ. अर्ध्या तासाच्या आत माणसांनी दोन होड्या भरल्या. ताजे खाल्ले ते वेगळेच, शिवाय प्रत्येक जहाजावर चार-पाच पिंपं मिठात घालून ठेवली. इतकं सगळं सांगणारा हा ब्रिटनीचा दर्यावर्दी पक्ष्याचं नाव मात्र 'आपोनात्स' देतो. पेंग्विनसारखा एकही शब्द त्याच्या वृत्तांतात नाही. ब्रेटन खलाशांच्या तोंडी हा शब्द रुळलेला असता तर त्याच्या कानी आलाच असता.

लॅटिनमध्ये 'लठ्ठ' असा शब्द आहे, त्याचं काय?

'पिंग्विस' म्हणजे चरबीयुक्त, लठ्ठ. कॅरोलस क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १६०५ मध्ये लिहिलं की डच खलाशांनी पक्ष्याच्या चरबीवरून हे नाव दिलं. पक्षी लठ्ठ होताच, त्यामुळे अर्थ चपखल बसतो. पण साधे खलाशी पक्ष्याला लॅटिन नाव देतील हे पटत नाही, आणि क्लूसियसच्या पंचवीसएक वर्षं आधी इंग्रज लेखक तो शब्द वेल्श म्हणून सांगत होते. विद्वानाने ऐकीव शब्दाला मागाहून लॅटिन कपडे चढवले, असंच दिसतं. इंग्रजीतल्या 'छाटलेले पंख' अशा शब्दापासून तो आल्याची तिसरीही एक कल्पना आहे, तिला आधार नाही.

फ्रेंचमध्ये 'पँग्वँ' आणि 'मांशो' यांत फरक काय?

'पँग्वँ' हे आपल्या पेंग्विनचंच फ्रेंच रूप. तो शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच प्रवासवृत्तांतांतून फ्रेंचमध्ये आला. सुरुवातीला तिथेही उत्तर-दक्षिण सगळ्यांना एकच नाव होतं. अठराव्या शतकात ब्रिसाँ आणि ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञांनी सरमिसळ मोडली. उत्तरेकडच्या ऑक पक्ष्यांना 'पँग्वँ' ठेवलं आणि दक्षिणेच्या न उडणाऱ्या पक्ष्यांना 'मांशो' म्हटलं. 'मांशो'चा रोजच्या फ्रेंचमधला अर्थ थोटा, एक हात नसलेला. लॅटिनमधल्या 'अपंग' अर्थाच्या 'मांकुस'पासून तो आला. पंखांच्या जागी आखूड वल्ही बघून ते नाव दिलं.

त्यामुळे आजच्या नेमक्या फ्रेंचमध्ये ग्रेट ऑक हा 'ग्रां पँग्वँ', थोरला पेंग्विन. त्याचा जिवंत जवळचा नातलग, ज्याला इंग्रजीत रेझरबिल म्हणतात, तो 'पती पँग्वँ', धाकटा पेंग्विन. हा धाकटा छान उडतो. ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावर पेरोस-गिरेकसमोरच्या सेत-ईल बेटांवर तो वीण करतो, आणि वेल्सच्या स्कोमर बेटावरही दिसतो. म्हणून "पँग्वँ उडतात, मांशो उडत नाहीत" हे फ्रेंच मुलांना शिकवतात ते आजच्या जिवंत पक्ष्यांपुरतं शब्दशः खरं आहे.

मला फ्रेंचचं या बाबतीत कौतुक वाटतं. इंग्रजीने आणि इंग्रजीमार्गे आपण सर्वांनी नाव दूरच्या पक्ष्याला देऊन टाकलं. फ्रेंचने ते घरात ठेवलं.

मग फ्रेंच लोक प्रत्यक्षात कधीच चुकत नाहीत?

चुकतात, सर्रास. व्यंगचित्रं, खेळणी, गप्पा, सगळीकडे बर्फावरच्या पक्ष्याला 'पँग्वँ'च म्हणतात. शास्त्रीय लिखाण आणि प्राणिसंग्रहालयाच्या पाट्या मात्र फरक पाळतात. अंटार्क्टिकातल्या फ्रेंच तळावर, द्युमाँ द्युर्व्हिल इथे, कोणी सम्राट पेंग्विनला 'पँग्वँ' म्हटलं तर लगेच टोकतील.

फ्रेंच शास्त्रज्ञांची एक गफलत मात्र कायमची राहून गेली. डोक्यावर पिवळे तुरे असलेल्या दक्षिणेच्या पेंग्विनांना फ्रेंचमध्ये 'गोरफू' म्हणतात. हा शब्द फेरो बेटांवरच्या 'गेरफुग्ल' या धाटणीच्या नावावरून आला, आणि ते नाव ग्रेट ऑकचं होतं. ब्रिसाँने १७६० मध्ये ते दक्षिणेच्या पक्ष्याला लावलं. म्हणजे बिचाऱ्या ग्रेट ऑकची दोन्ही नावं दक्षिणेला गेली, एक इंग्रजीने नेलं, दुसरं फ्रेंचने.

आज वेल्श लोक पेंग्विनला काय म्हणतात?

'पेंग्विन'च. शब्द वेल्समधून निघाला असेल, पण आजचा वेल्श शब्द इंग्रजीतून परत घेतलेला आहे. शेवटच्या भागाचं प्रचलित लेखन 'ग्वीन'सारखं करतात, आणि 'ग्वीन' म्हणजे वेल्शमध्ये दारू, द्राक्षाची. फ्रेंच 'व्हँ'ची आणि त्याची आई एकच, लॅटिन 'विनुम'. त्याचा पक्ष्याशी संबंध नाही. आणखी एक: वेल्शमध्ये ग्रेट ऑकला 'कारविल मावर' म्हणतात आणि रेझरबिलला 'ल्युर्स'च्या जवळ जाणारा शब्द आहे. म्हणजे ज्या भाषेने नाव दिलं असं मानतात, तिथेही मूळ पक्ष्याकडे ते उरलेलं नाही.

ग्रेट ऑकचं शेवटी काय झालं?

फंक बेटावर आधी मांसासाठी, मग पिसांसाठी कत्तल झाली. गाद्या-उश्यांत भरायची पिसं उपटण्यासाठी माणसं उन्हाळाभर बेटावर मुक्काम करत. तिथे लाकूड नव्हतं, म्हणून पाणी तापवायला याच पक्ष्यांची चरबीदार शरीरं जाळली. १७८५ मध्ये जॉर्ज कार्टराइट या इंग्रज व्यापाऱ्याने आपल्या रोजनिशीत लिहिलं की हे थांबलं नाही तर जात संपेल. १८०० च्या सुमारास फंक बेट रिकामं झालं.

शेवटची ज्ञात जोडी १८४४ च्या जूनमध्ये आइसलंडजवळच्या एल्डे या कड्यासारख्या बेटावर मारली गेली. पक्षी संग्राहकांना विकायचे होते. मादी वर्षाला एकच अंडं घालायची, त्या जोडीचं अंडंही त्या झटापटीत फुटलं. आज जगभरच्या संग्रहालयांत सुमारे ८० कातडी आणि ७५ च्या आसपास अंडी आहेत. शास्त्रीय नावात मात्र त्याचा हक्क शाबूत आहे: 'पिंग्विनस' हे प्रजातीनाम (इंग्रजीत जीनस) ग्रेट ऑकचं आहे, दक्षिणेच्या एकाही पेंग्विनचं नाही.

राणीच्या बागेतले पेंग्विन फ्रेंचमध्ये कोण?

मांशो. मुंबईत भायखळ्याच्या वीर जिजामाता उद्यानात २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेले पक्षी हंबोल्ट पेंग्विन आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. फ्रेंच पाहुणा त्यांना 'मांशो द हंबोल्ट' म्हणेल.

फ्रेंचमधून मराठीत भाषांतर करताना 'पँग्वँ'ला काय लिहावं?

आधी प्रसंग कुठला ते बघावं. जागा ब्रिटनी, आइसलंड, न्यूफाउंडलंड किंवा उत्तर समुद्र असेल तर तो पक्षी ऑक आहे. उडत असेल तर रेझरबिल लिहावं, जुन्या काळातला आणि न उडणारा असेल तर ग्रेट ऑक. जागा अंटार्क्टिका असेल किंवा लहान मुलांची गोष्ट असेल तर लेखकाला नेहमीचाच पक्षी अभिप्रेत असतो, तिथे पेंग्विन लिहायला हरकत नाही. 'मांशो'चं भाषांतर मात्र दर वेळी पेंग्विन होत नाही. माणसाबद्दल आला तर तो थोटा. आणि 'गोरफू'ला नुसतं पेंग्विन लिहून भागवू नये, 'तुरेवाला पेंग्विन' लिहावं, म्हणजे वाचकाला नेमका पक्षी कळतो.